हातोडा ठेवला, तेव्हा बेअरिंग बसलं

बाईकवर लोड आला की पायदानातून घरघर जाणवायची. टायमिंग चेन बदलली, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले, आवाज तसाच. शेवटी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. वर हेडजवळ नेहमीची टिकटिक, पण खाली मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूला जात्यावर दळण चालावं तशी घरघर. क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गेलं होतं. म्हणजे अख्खं इंजिन खोलणं आलं.

हेड, ब्लॉक, क्लच, मॅग्नेट उतरवण्यात एक दिवस गेला. चेंबरचे, म्हणजे क्रँक ज्यात बसतो त्या ॲल्युमिनियमच्या कवचाचे, दोन भाग वेगळे करताना फटीत स्क्रू ड्रायव्हर घालायचा मोह झाला होता, आवरला. तिथे ओरखडा पडला की तेल गळतंच.

जुनं बेअरिंग तेलात होतं तोवर हाताला गुळगुळीत लागलं. पेट्रोलने धुऊन, वाळवून फिरवलं तर एका जागी खडा आल्यासारखं अडकायला लागलं. त्यावर नंबर होता 6304 सी3. शेवटच्या 04 ला 5 ने गुणलं की आतला व्यास, 20 मिमी. मी आधी साधं 6304 आणलं होतं. मापं तीच, पण सी3 मध्ये गोळ्यांना जरा जास्त मोकळीक असते. घट्ट बसल्यावर आणि इंजिन तापल्यावर ती कमी होते, म्हणून ती आधीच हवी. बदलून आणलं.

आणि ते नवंकोरं मी हातोड्याने बसवायला गेलो. तिसऱ्या ठोक्याला तिरकं होऊन अडकलं. शिवाय ठोके आतल्या रिंगवर, म्हणजे सगळा मार गोळ्यांवर. काढून फिरवलं तर जुन्यासारखंच खरखरलं.

दुसऱ्या वेळी आणखी एक नवं बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं, चेंबर धुऊन ओव्हनमध्ये. (घरात दोन दिवस गिअर ऑइलचा वास होता, त्यावर काय ऐकलं ते सोडा.) पाण्याचा थेंब चुर्र करून उडाला तसं चेंबर बाहेर काढलं. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्याचाच फायदा. बेअरिंग सरळ धरून सोडलं. टप्! तळाला जाऊन बसलं. बोटाचा जोरही लागला नाही.

कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिला, प्ले (ढिलेपणा) नव्हता. बाजूला थोडा सरकतो, तेवढा चालतो. जोडणी झाल्यावर क्रँक जड फिरत होता. टोकावर नायलॉनच्या हातोडीने हलकेच टिचकी मारली, मोकळा झाला.

इंजिन सुरू झाल्यावर तोच स्क्रू ड्रायव्हर पुन्हा कानाला लावला. खाली शांत. वर टायमिंग चेनची टिकटिक, जुन्या चेनची होती अगदी तशीच.