वखारीत एवढं काय बघायचं?

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातून जाताना माझी गाडी हमखास थांबते ती रेल्वे रुळांच्या कडेला. तिथल्या कितीतरी लहान गावांत रुळांलगत एक लांबलचक, रंग उडालेली लाकडी शेड उभी असते. जुनी लाकडाची वखार. बरोबरची माणसं दर वेळी विचारतात, "किल्ला नाही, वाडा नाही, देऊळ नाही. रिकाम्या वखारीत एवढं काय बघता?" गाडीत बसून दिलेलं उत्तर नेहमी अर्धंच राहतं. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज सगळं लिहितो.

नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा हा मुळात गवताचा मुलूख. नदीकाठ सोडला तर घराला लावावं असं झाड नाही. पहिल्या वस्तीकऱ्यांनी गवताच्या मुळांसकट जमिनीचे ठोकळे कापले आणि त्यांच्या भिंती रचल्या. मग रेल्वे आली, आणि रेल्वेनं लाकूड आणलं. शाळा, चर्च, दुकानं, घरं, गोठे, सगळ्यांच्या फळ्या वखारीतून गेल्या. गावाचं बाळंतपण या शेडनं केलंय.

हे लाकूड बहुतांशी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातला पांढरा पाइन, म्हणजे सुईसारख्या पानांचं उंच झाड. हिवाळ्यात झाडं तोडायची, बर्फावरून ओंडके नदीकाठी ओढायचे, बर्फ वितळून पाणी चढलं की नदीत सोडून द्यायचे. सॉ मिलमध्ये कापलेला बराच माल शिकागोच्या बाजारात यायचा आणि तिथून रेल्वेनं पश्चिमेला. ती जंगलं कोणाचीच नव्हती असं मात्र नाही. १८३७ साली तिथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांकडून सरकारनं ज्या तहानं मोठा प्रदेश घेतला, त्याला 'व्हाइट पाइन तह' असंही म्हणतात. जुन्या फळीवर हात ठेवला की मला ते आठवतंच.

आता शेडकडे या. मधोमध गाडी आरपार जाईल असा रस्ता आणि दोन्ही बाजूंना खण, खाली एक रांग, वर एक. वरच्या खणांपुढे माणूस चालेल एवढी अरुंद फळी. घोडागाडी एका दारानं आत यायची, माल भरत भरत पुढे सरकायची आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडायची. भिंतीच्या फळ्यांमध्ये फटी दिसतात, त्या सुतारकामातली कसर नव्हे. ओल्या लाकडाला वारा मिळाला नाही तर ते काळं पडतं, बुरशी धरतं. आणि उघड्यावर टाकलं तर ऊन-पावसानं वाकतं. म्हणून डोक्यावर पक्कं छप्पर आणि अंगाला वारा. माणसासाठी बांधलेली इमारत अशी कधीच झाली नसती. ही लाकडाच्या सोयीनं बांधलेली आहे, आणि मला तिचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते याचंच.

दुसरी चिंता आगीची. ८ ऑक्टोबर १८७१ ला शिकागो पेटलं, त्याच रात्री विस्कॉन्सिनमधलं पेश्टिगो हे लाकडावर जगणारं गाव जळून गेलं. त्या वणव्यात हजारावर माणसं गेली. वखार म्हणजे गावातला सगळ्यात मोठा सरपणाचा ढीग, त्यामुळे विमा कंपन्यांची नजर तिच्यावर असायचीच. त्यांच्यासाठी सॅनबॉर्न कंपनीनं काढलेले नकाशे आज आमच्यासारख्यांना सोन्यासारखे आहेत. पिवळा रंग लाकडी इमारतीचा, गुलाबी विटांच्या. एकाच गावाचे वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की वखार कधी वाढली, कोळशाची कोठी कधी जोडली गेली, हे डोळ्यांसमोर उलगडतं.

नकाशा नसेल तर मी टेप काढतो. आजचा 'टू बाय फोर', म्हणजे नावानं दोन बाय चार इंचांचा वासा, प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतो. जुन्या शेडमधला पुष्कळदा पुरता दोन बाय चार भरतो, आणि त्यावर करवतीचे वळ बोटांना लागतात. १९२४ मध्ये देशभराचं प्रमाण ठरलं तेव्हा अशा वाशाची रंधा मारल्यावरची जाडी एक पूर्णांक पाच अष्टमांश इंचावर आली. दीड इंच ही त्यानंतरची, १९७०च्या सुमाराची. लाकडाची जातही बोलते. उत्तरेचा पाइन संपत आला तसा दक्षिणेचा पिवळा पाइन आणि पश्चिम किनाऱ्याचा डग्लस फर हे दुसऱ्या जातीचं लाकूड येऊ लागलं. एकाच शेडमध्ये मूळ भाग पाइनचा आणि वाढवलेला भाग फरचा दिसला, की जंगल कुठे संपलं आणि कुठे तोड सुरू झाली ते त्या सांध्यावरच कळतं.

या वखारी बंद पडण्यामागे मोठी दुकानं आणि हमरस्ते आहेतच, पण एक साधं कारण सहसा कुणी सांगत नाही. माल पट्ट्या मारलेल्या गठ्ठ्यांत येऊ लागला, गठ्ठे उचलायला फोर्कलिफ्ट आली, आणि एकेक फळी हातानं सरकवायच्या त्या खणांत ना गठ्ठा मावेना, ना फोर्कलिफ्ट वळेना.

एका शेडमध्ये खणांच्या खांबांवर पेन्सिलनं आकडे लिहिलेले मी पाहिले. १०, १२, १४, १६. फळ्यांच्या लांबीचे फूट. १६च्या खांबाची कड माणसाच्या खांद्याच्या उंचीला गुळगुळीत झाली होती. तिथून लांब फळ्या ओढून काढताना किती हात त्यावर टेकले असतील. पुढच्या खेपेला गेलो तर तिथे मोकळी जागा होती. म्हणून तुमच्या माहितीत अशी शेड पाडायची ठरली असेल, तर आधी आतून फोटो काढा, खण मोजा, आणि खांबांवरचं लिहिलेलं नीट वाचून उतरवून घ्या. एका दुपारचं काम आहे.