पन्नास किलोमीटर आणि एक शिक्का

धावण्याची मला मुळात हौस नाही. एक मॅरेथॉन कशीबशी झाली होती, तेवढ्यावर भागलं असतं. तरी पन्नास किलोमीटरच्या अल्ट्रामध्ये, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब शर्यतीत, नाव घातलं, आणि पायांपेक्षा कागदानेच जास्त दमवलं.

सराव सरळ असतो, म्हणून थोडक्यात. आठवड्यात चार दिवस धावायचं. मधले दोन दिवस गप्पा मारता येतील इतक्या संथ वेगाने, त्यातला एक पुण्यातल्या वेताळ टेकडीवर. शनिवारी लांब पल्ला, रविवारी त्याच दमलेल्या पायांवर पुन्हा मध्यम: शनिवारी 28 झाले तर रविवारी 14-15. तीन आठवडे वाढवत न्यायचं, चौथ्यात पाऊणपट करायचं. सर्वांत लांब पल्ला 36-38 पुरतो. शर्यतीआधीच पन्नास मारून बघायची खुमखुमी आवरा. चढावर चाललात तर कोणी हसत नाही, अल्ट्रात सगळेच चालतात.

आता सर्टिफिकेट. फॉर्मवर एकच ओळ: ‘डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र अपलोड करावे.’ त्या ओळीच्या पोटात चार अटी होत्या, आणि त्या एकेक करून, प्रत्येक वेळी कागद नाकारल्यावरच कळल्या. पहिल्यांदा शिक्का होता, पण त्यात डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक नव्हता. दुसऱ्यांदा तारीख शर्यतीच्या 30 दिवसांहून आधीची निघाली. तिसऱ्यांदा कागदावर अंतर लिहिलेलं नव्हतं. दर खेपेला उत्तर यायला चार दिवस आणि उत्तर दोन शब्दांचं: ‘कागदपत्र अपूर्ण’. काय अपूर्ण, ते आपण ओळखायचं. चौथी अट म्हणजे लेटरहेड. साध्या कोऱ्या कागदावरचं चालत नाही.

अंतराचा मुद्दा सर्वांत चिवट. ‘हा माणूस 50 किलोमीटर धावू शकेल’ असं कोणताही शहाणा डॉक्टर लिहून देत नाही, आणि त्यांचं चुकत नाही. ते आजची तपासणी लिहू शकतात, पुढच्या महिन्यातल्या दुपारची हमी कशी देतील? म्हणून मजकूर आपणच तयार करून न्यावा: ‘आजच्या तपासणीत 50 किमी धावण्याच्या शर्यतीत भाग घेण्यास प्रतिबंध करावा अशी कोणतीही बाब आढळली नाही.’ यात अंतरही येतं आणि डॉक्टरांची मानही अडकत नाही. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडेच जा. अनोळखी दवाखान्यात आधी सगळ्या तपासण्यांची यादी हातात पडते.

तपासणीसाठी रक्त कधी द्यायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. शनिवार-रविवारच्या पल्ल्यानंतर सोमवारी सकाळी लॅबमध्ये जाऊ नका. स्नायू झिजलेले असतात, त्यामुळे सीपीके (स्नायूंतलं एन्झाइम) चढलेलं येतं, एसजीओटी हे एन्झाइमही वर जातं, कधी मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनसुद्धा. एसजीओटी फक्त यकृतात नसतं, स्नायूंतही असतं. पण रिपोर्टवर ठळक अक्षरात आकडा दिसला की यकृताची चौकशी सुरू होते. आठवडाभर फक्त हलकं धावून मग रक्त द्या, आणि धावता हे डॉक्टरांना आधीच सांगा. ईसीजीचंही तसंच. मशीन ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’, म्हणजे नाडी संथ, असं छापतं. नियमित धावणाऱ्याची नाडी बसल्याजागी 50च्या आसपास असणं नवलाचं नाही, पण चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तो शब्द हसण्यावारी नेऊ नका.

चाळिशी उलटलेली, बीपी, शुगर, किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारून स्ट्रेस टेस्ट (फिरत्या पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, फॉर्मवर मागितलेलं नसलं तरी. स्ट्रेस टेस्टला जाताना धावायचे बूट घाला. चपलेत चढत्या पट्ट्यावर चालणं म्हणजे शिक्षा. बहुतेक ठिकाणी दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढवतात. दांडी घट्ट धरू नका, वेळ फुगते आणि निकाल फसवा येतो. पुरुषांच्या छातीवरचे केस जागोजागी भादरतात, पुढचे आठ दिवस टी-शर्टात खाज सुटते.

हो, खाण्याचं राहिलंच. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात: मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर, चिक्की. सगळं सरावात खाऊन बघा, शर्यतीच्या दिवशी नवीन काही नको. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की पोट बिघडतं. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही धोक्याचं. धावताना वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर सिंहगडाच्या उतारावर अंगठ्याचं नख काळं पडेल.

आणि सर्टिफिकेट मंजूर झालं म्हणून मूळ कागद फाडू नका. बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला गेलात की काउंटरवर तोच पुन्हा मागतात, मोबाइलमधला फोटो चालत नाही.