पर्वरीला फोन्सेकांची चित्रं बघायला जाताय? टॅक्सी अजिबात करू नका

'पणजीहून दहा मिनिटं' असं मला तिघांनी सांगितलं होतं. साफ खोटं. मी गेलो तेव्हा मांडवीचा पूल उतरल्यावर महामार्गावर उन्नत रस्त्याचं काम चालू होतं, आणि पर्वरीची चढण म्हणजे नुसती धूळ, खड्डे आणि दर शंभर पावलांवर वळवलेली वाहतूक. पाच-सहा किलोमीटरला तासभर लागला. त्याचे टॅक्सीवाल्याने सातशे रुपये घेतले! रात्रभर बसमध्ये डोळ्याला डोळा नव्हता, भांडायचं त्राण नव्हतं. पणजी स्टँडवरून म्हापशाची कुठलीही बस पकडा, आल्त पर्वरीला उतरा आणि सरळ चालत जा. अगदी थोडक्या पैशांत काम होतं. बा. भ. बोरकर रस्त्यावर झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे, तिथे.

आणि जाच. माझा शीण पहिल्याच दालनात उतरला.

अँजेलो द फोन्सेका १९०२ मध्ये सांत इस्तेव्हला जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, मग शांतिनिकेतनला चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांकडे गेले. येशूची आई मरियम त्यांनी साडीत रंगवली, सावळी, अनवाणी, आपल्या घरातली वाटावी अशी. गोव्यातल्या चर्चच्या मंडळींना ती पचली नाही. गोवा सोडून ते पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले आणि १९६७ साली पुण्यातच वारले. आम्ही पुणेकर त्या रस्त्यावरून रोज जातो आणि नाव ठाऊक नाही, याचा मला खरोखर राग आला. आज त्यांची चित्रं जेझुइटांच्या, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या, याच संस्थेने जपली आहेत. म्हणजे चर्चनेच अखेर त्यांना घरात घेतलं.

लांबून बघून पुढे सरकू नका. ही चित्रं वॉश पद्धतीची: पातळ रंग द्यायचा, कागद पाण्यात धुवायचा, वाळला की पुन्हा रंग. चित्राच्या अगदी जवळ गेलात की साडीच्या काठाशी हे थर एकात एक मुरलेले दिसतात. कडा अशी नाहीच, रंग हळूच थांबतो. मरियमच्या कित्येक चेहऱ्यांत त्यांची पत्नी आयव्ही आहे. एकदा ते कळलं की पुन्हा पहिल्या भिंतीपासून सुरुवात करावीशी वाटते. मी केली. दोन तास तरी हाताशी ठेवा, अर्ध्या तासात उरकायचं असेल तर येऊच नका.

पुढे दिवाडी, जुनं गोवं मजेत झालं, त्याचं सगळीकडे वाचायला मिळतं.

निघण्याआधी केंद्राला फोन करून वेळ विचारा, रविवारी आणि सणाच्या दिवशी तर हमखास. सकाळी दार उघडतानाच पोचा. पाणी आणि तोंडाला रुमाल हवाच. परतीला चारच्या आत बस पकडा, त्यानंतर ती चढण तुंबते. स्वतःची गाडी पणजीतच ठेवा.