कंबर, सायकल आणि डावा मोजा

११ ऑक्टोबर

आज माळ्यावरून घंगाळ काढलं. सासूबाईंच्या माहेरचं, पितळी, सात-आठ किलोचं तरी असेल. यंदा अभ्यंगस्नानाला प्लास्टिकच्या बादलीला सुट्टी द्यायची, असं मनात घेतलं होतं. स्टुलावर उभी राहून ते खाली घेताना काही झालं नाही. उतरले, अर्धवट वळून ते बाथरूमच्या उंबऱ्याशी ठेवायला वाकले आणि कमरेत अशी चमक गेली की तिथेच गुडघ्यांवर बसले. घंगाळाला पोचाही नाही.

रात्रीपर्यंत चार जणांना कळलं आणि चौघांनी एकच सांगितलं, "आता ती सायकल बंद कर." सायकल बिचारी दोन आठवडे पार्किंगमध्ये धूळ खात उभी आहे. घंगाळ बंद कर, असं कोणीच म्हणालं नाही.

१३ ऑक्टोबर

दोन दिवस झोपून काढले. कंबर लाकडासारखी झाली आहे. डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत मुंग्या येतात.

दुपारी बी विंगमधल्या काकू आल्या. त्या पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, हे मला सोसायटीत अठरा वर्षं राहून आज कळलं. लहानपणी पावसात त्यांना बाहेर सोडत नसत, पायाळूला वीज धरते म्हणून. आणि उसण भरली की मात्र चार घरांतून बोलावणं यायचं. मला सतरंजीवर पालथं झोपवलं, टेबल धरून स्वतःचा तोल सांभाळला आणि डाव्या पायाचा अंगठा माझ्या कमरेला तीनदा लावला. लाथ कसली, मांजर अंगावरून गेल्यासारखं वाटलं. खरं सांगते, उठले तेव्हा दहा मिनिटं बरं वाटत होतं. मग शिंक आली.

१६ ऑक्टोबर

फिजिओकडे गेले. वय असेल सत्तावीस. मला "काकू" म्हणाली, तेव्हाच निम्मी कंबर दुखायची थांबली आणि डोकं दुखायला लागलं.

पण पोरगी हुशार. आधी टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. रबरी हातोडीने गुडघ्याखाली टकटक केलं. उताणं झोपवून डावा पाय सरळ वर उचलला. अर्ध्यावर गेला तसा पोटरीत करंट बसला. मग आवाज खाली आणून विचारलं, लघवीला काही अडचण? बसायच्या जागी बधिरपणा? नाही म्हटल्यावर म्हणाली, "असं कधी झालं, किंवा पावलातला जोर गेला, तर माझी अपॉइंटमेंट घेऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा."

पायाळू काकूंचा किस्सा सांगितला. मला वाटलं हसेल. तिने उलट मलाच एक किस्सा ऐकवला. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला रॉबिन मॅकेंझी नावाच्या फिजिओकडे पाय दुखणारा एक रुग्ण आला. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी वर उचललेली होती, ती खाली करायची राहिली. हा गृहस्थ तसाच पालथा झोपला, कंबर मागे वाकलेली, आणि मॅकेंझी दुसरीकडे अडकलेले. परत येऊन बघतात तर पायातलं दुखणं गेलेलं. त्यातूनच त्यांची व्यायामपद्धत उभी राहिली. "तुमच्या काकूंनी पाय लावला त्यापेक्षा तुम्ही दहा मिनिटं पालथ्या पडलात, त्यानेच बरं वाटलं असेल," म्हणाली. काकूंना हे सांगणार नाही.

शेवटचा प्रश्न, "दिवसाला किती तास बसता?" ऑफिस, रिक्षा, लोकलमध्ये मिळाली तर सीट, घरी सोफा: दहा तास. सायकल? आठवड्याला पाच तास. तिने दोन्ही आकडे कागदावर लिहून माझ्याकडे सरकवले. बोलली काही नाही.

पूर्ण विश्रांती नको, दर अर्ध्या तासाने उठायचं, दिवसातून चार-पाच वेळा पालथं पडून कोपरांवर रेलायचं. अशी दुखणी बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत बरीच ओसरतात, पायात उतरलेलं जरा जास्त वेळ घेतं. सायकल केव्हा, हे मी विचारणार तोच म्हणाली, "चालायला लागा आधी."

२२ ऑक्टोबर, पाडवा

नरकचतुर्दशीला घंगाळ वापरलं. पाणी ह्यांनी भरलं, मी उभ्याने अंघोळ केली. सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला दिवाळी पहाटेची गर्दी बघायला गेलो होतो. सगळी तरणी पोरं नटून-थटून उभी, आणि मला जन्मात पहिल्यांदा उभं राहायला मिळतंय याचा आनंद. बसले की दुखतं. लाडू मात्र चार खाल्ले.

४ नोव्हेंबर

ह्यांच्या हट्टाने एमआरआय झाला. एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, चकती फुगलेली. रिपोर्ट वाचून नणंदेचा फोन, "मणक्यात गॅप आली म्हणजे संपलंच गं." दोन दिवस मीही अंगात काचेची बरणी असल्यासारखी चालत होते. शिंक आली तरी भिंत धरायची.

फिजिओने रिपोर्ट पाहिला आणि ड्रॉवरमधून एक तक्ता काढला. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून कोणीतरी पाहिलं होतं, ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांचे मणके आतून कसे दिसतात. विशीतल्या ३० टक्के लोकांची चकती फुगलेली. पन्नाशीतल्या ६० टक्क्यांची. ऐंशीच्या लोकांत ८४. मी गेल्या मार्चमध्ये पन्नास पूर्ण केली. "काकू, हे केस पांढरे होण्यासारखं आहे," म्हणाली. केस मी रंगवते, हे तिला दिसलं नसावं.

दुखणं खोटं आहे असं ती म्हणत नव्हती. फोटोत दिसतंय तेवढ्यावरून घाबरू नका, एवढंच. त्या रात्री पहिल्यांदा कुशीवर झोपले, गुडघ्यांत उशी घेऊन, आणि सकाळपर्यंत जाग आली नाही.

१५ नोव्हेंबर

सायकल दुकानात नेली. मुलगा गणपतीत पुण्याहून आला होता तेव्हा त्याने सीट वर केली होती, ती मी तशीच ठेवली होती. दुकानदाराने मला सायकलवर बसवलं, स्वतः मागे स्टूल टाकून बसला आणि म्हणाला, "मारा पॅडल." पाच-सहा फेऱ्यांनंतर, "मॅडम, कंबर झोपाळ्यासारखी हलतेय तुमची." सीट उंच असली की खालचं पॅडल गाठायला कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकते. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा. दीड तासात किती, हे मी मनात गुणून पाहिलं आणि सोडून दिलं.

त्याची युक्ती सोपी आहे: टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल अगदी तळाला न्यायचं, गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीट दोन सेंटिमीटर खाली आली. हँडल वर घेतलं आणि त्याचा दांडा आखूड बसवला, म्हणजे पुढे ओणवं व्हायला नको. टायर ३५ मिलिमीटरचे टाकले, हवा ८० वरून ५५ पीएसआयवर. परत येताना पोखरण रोडवरचे खड्डे पहिल्यांदाच थेट मणक्यात आले नाहीत. रिक्षाच्या मागच्या सीटपेक्षा कितीतरी बरं.

३० नोव्हेंबर

आता माझा मूर्खपणा लिहून ठेवते.

दोन आठवडे उपवन तलावापर्यंत आणि परत, एवढंच चाललं होतं. सपाट रस्ता, हलका गिअर, वीस-पंचवीस मिनिटं. आज पहाटे गारवा होता. तलावाशी पोचले तर ओळखीचा सायकलवाला ग्रुप येऊरच्या चढाला निघालेला. "नुसत्या चेकनाक्यापर्यंत या." चेकनाका आला. वन खात्याचा माणूस ओळखीचं हसला. वर झाडी, धुकं, माकडं, आणि पुढे एका बाईचं मागचं चाक. मी वर गेले. दोन वळणांनंतर गिअर बदलायला उशीर झाला, जड गिअरवर उभी राहून अख्खा चढ ओढला. वर पोचल्यावर टाळ्या पडल्या, चहा प्याले, फोटो निघाला. फोटोत मी फार खूश दिसते.

१ डिसेंबर

डावा मोजा घालता आला नाही.

३ डिसेंबर

फिजिओ ओरडली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, चकतीचं नुकसान वगैरे काही झालेलं नाही, तयारीपेक्षा ओझं जास्त झालं, बस. नियम दिला: सायकलवर असताना दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पदावर यायला हवं. नाही आलं तर पुढची राइड निम्मी. शून्य नाही, निम्मी.

मोजण्याचं साधन मी शोधलं: डावा मोजा. मात्र उठल्या उठल्या नाही. रात्रभर आडवं राहून चकत्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात, सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो म्हणे, आणि तेव्हाच वाकलं की त्यांच्यावर ताण सगळ्यात जास्त. साडेपाचला उठून पावणेसहाला बुटांच्या नाड्या बांधायला वाकणारी मी! आता आधी चहा, पेपर, घरातल्या घरात फेऱ्या. मग चार पायांवर रांगतं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करून दहा सेकंद धरायचे, मग उलट. आमच्या घरी याला "कुत्रं बसवणं" म्हणतात. तासाभराने स्टुलावर पाय ठेवून मोजा. सुटसुटीत गेला तर सायकल, अडकला तर चालणं. निघायला सात वाजतात आणि ग्रुप केव्हाच पुढे गेलेला असतो.

४ जानेवारी

पाच आठवडे झाले. मोजा चारदा अडकला, त्यातला एकदा लग्नात तीन तास खुर्चीवर बसल्यामुळे, एकदा काहीच कारण नसताना. पोटरीतल्या मुंग्या गेल्या. कमरेत डाव्या बाजूला एक टिकली एवढी जागा अजून दुखते. तिच्याशी आता बोलणं सुरू आहे.

आज चेकनाक्यापर्यंत गेले, सगळ्यात हलक्या गिअरवर, बूड सीटला चिकटवून. एक शाळकरी मुलगा मला मागे टाकून गेला आणि जाताना घंटी वाजवली. पाय टेकले, पाणी प्याले, परत फिरले.

घंगाळ अजून गॅलरीत आहे. ते माळ्यावर परत कोणी चढवायचं, हा विषय घरात कोणी काढत नाही. सध्या त्यात कांदे ठेवलेत.