पोटखराबा

सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ नावाची एक नोंद असते. नाला, खडक, मुरमाड पट्टा, म्हणजे जे पिकत नाही ते त्यात. पीककर्ज त्यावर मिळत नाही, विमाही नाही. धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, गत त्याहून बरी नाही. पाखरांचे संसार मात्र नेमके इथेच. कुसळी गवतात लावा आणि तितर, बोरीच्या काट्यांत बुलबुल, जुन्या कडुनिंबाच्या ढोलीत नीलपंख. टिटवीला गवतही लागत नाही. उघड्या मुरमावर खडे सारून ती चार अंडी घालते. मातकट रंग, वर काळे डाग, पाय पडेस्तोवर दिसायची नाहीत.

आता अनुदानाकडे पाहा. ट्रॅक्टरला आहे, रोटाव्हेटरला आहे, युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांत येते. हमीभाव क्विंटलवर. यातली एकही योजना वाईट नाही, पण सारा पैसा पेरलेल्या वावराला. धुरा राखला म्हणून दमडी नाही. मग ट्रॅक्टर वळवायला आडवी येते म्हणून बोर जाते, पिकाच्या दोन ओळी वाढतात, उरल्या गवतावर तणनाशकाचा पंप फिरतो. इंग्लंडात गव्हाच्या शेतात पेरणीयंत्र मधेच उचलून चंडोलासाठी हेक्टरी दोन रिकामे तुकडे, प्रत्येकी किमान १६ चौरस मीटरचे, सोडण्याला सरकारी पैसे दिले गेले आहेत. आपल्याकडे चंडोल फुकटात राहतो, राहील तेवढे दिवस.

गंमत म्हणजे हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी हेक्टरी ५० पक्षीथांब्यांची शिफारस आहे. बांबूला आडवी काठी बांधायची, पिकाच्या वर हातभर ठेवायची. कोतवाल पक्षी तिथून अळी हेरतो, झेप घेतो, परत त्याच काठीवर येऊन तिला आपटतो नि गिळतो. थांबे फुलोऱ्याआधी लावावेत आणि घाटे भरू लागले की उपटावेत, नाहीतर पोपटांची पंगत बसते. जहाल औषध फवारून वर थांबे रोवणाऱ्याला काय म्हणावं! मेलेली अळी काठीवरून दिसत नाही, विष प्यालेली दिसते.

पण थांब्यावर बसायला कोतवाल हवा, आणि त्याचं घरटं असतं धुऱ्यावरच्या बाभळीच्या बेचक्यात, एप्रिल ते ऑगस्ट. आपली कुऱ्हाड चालते मे महिन्यात, मशागतीच्या नावाखाली. बाभूळ काढायचीच असेल तर दिवाळीनंतर काढावी, तीही सगळी एका वर्षी नको.