तीन तारे दिसेपर्यंत

म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारी भरतो आणि माझा शब्बाथही, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारीच दिवेलागणीला लागतो. एकदा दिवा लावला की शनिवारी तारे दिसेपर्यंत चूल पेटवायची नाही, पैशाला हात लावायचा नाही. त्यामुळे दुपारच्या आत बाजार उरकून सगळं रांधून ठेवायचं, हा 22 वर्षांचा शिरस्ता. बाजारात माझ्या सोबतीला असतात समोरच्या फ्लॅटमधल्या आपा. त्यांनाही घाई असते, कारण घरच्या पुरुषांना जुम्म्याच्या नमाजाला वेळेवर धाडायचं असतं. मी मूळची अलिबागकडची, बेने इस्राएल म्हणजे कोकणातली ज्यू, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. त्या राजापूरकडच्या कोकणी मुसलमान. त्यांची दोन्ही मुलं माझ्या वर्गात होती, म्हणून त्या मला आजही बाई म्हणतात.

आमची ओळख एका परत केलेल्या वाटीने झाली. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात आपांनी कोळंबीचं कालवण पाठवलं. आमच्यात माशाला पंख आणि खवले दोन्ही लागतात, म्हणजे कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, कालवं सगळं वर्ज्य. गोव्यात राहून हे पाळणं किती अवघड, ते इथल्या माणसाला सांगायला नको. वाटी घेऊन ठेवावी आणि गुपचूप कामवालीला द्यावी, असं एकदा मनात आलं. पण ते खोटं झालं असतं. मी त्यांच्या दारात जाऊन सरळ सांगितलं, "आपा, आमच्या धर्मात हे चालत नाही." त्यांनी वाटी घेतली, एवढंच विचारलं, "मग काय चालतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. आपांच्या हातात ताटलीत अख्खी तांबोशी, न साफ केलेली. "खवले काढले नाहीत, आधी तुम्ही बघून घ्या." मी नखाने एक खवला उचलला. चार आण्याच्या नाण्याएवढा, काचेसारखा आरपार, कडेला गुलाबी झाक. मी होय म्हटल्यावरच त्या मासा आत घेऊन गेल्या. दुपारी कालवण आलं ते नव्या पातेल्यातून. त्या पातेल्याच्या कानाला त्यांनी लाल दोरा बांधला होता, म्हणजे घरात चुकूनही कुणी त्यात दुसरं काही शिजवू नये. दोरा आतापर्यंत कितीतरी वेळा बदलला असेल, पातेलं अजून तेच आहे.

हे मी का लिहिते आहे? कारण याच काळात शाळेत एका निरोपसमारंभात माझ्या पानात कोळंबीचा पुलाव वाढला गेला आणि मी हात आखडता घेतल्यावर एक सहकारी म्हणाले, "बाई, आता कोण एवढं पाळतं? एका घासाने काय होतंय?" माणूस वाईट नव्हता, मला आपल्यात सामावून घ्यावं हाच त्यांचा हेतू होता. पण त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. स्वतः काहीच न पाळणाऱ्याला माझं पाळणं म्हणजे नुसता हट्ट वाटतो. आपांना तसं वाटलं नाही, कारण त्या स्वतः रमजानात तापाने फणफणल्या असताना डॉक्टरांनी दटावेपर्यंत रोजा सोडायला तयार नव्हत्या. देवाने सांगितलंय म्हणून एखादी गोष्ट करायची नाही, याचा अर्थ मला त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

एक गोष्ट त्यांच्याकडून मला नंतर कळली. त्यांच्या कुराणात किताबवाल्यांचं, म्हणजे ज्यू-ख्रिस्त्यांचं, अन्न मुसलमानांना हलाल म्हटलेलं आहे. म्हणजे माझ्या घरचं त्यांना चालतं, पण त्यांच्या घरचं मटण मला चालत नाही, कारण आमची कापण्याची रीत आणि तो कापणारा माणूस वेगळा. गोव्यात मला तसा माणूस सहज मिळत नाही, म्हणून घरात मटण मुंबईहून येईल तेव्हाच. ईदला आपा मला शीरखुर्मा देतात, मटणाचं नावही काढत नाहीत. त्यांच्या सुनेला हे एकतर्फी वाटायचं. तिला आपा म्हणाल्या, "त्यांचा कायदा जास्त कडक आहे, त्याला आपण काय करणार?"

आमच्या लोकांच्या बोलीत या शेजाराच्या खुणा जागोजाग आहेत. कोकणातले आमचे जुने लोक सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणायचे. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेलं आमचं पहिलं सिनेगॉग ते हेच, जुनी मशीद. लोकलचं मशीद स्टेशन तिच्यावरूनच ओळखलं जाऊ लागलं, असं आमच्यात सांगतात. आमच्या धर्मकार्य करणाऱ्याला काजी म्हणत आणि उपासाला रोजा. माझी आजी बिरड्याचा रोजा धरायची. तो जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा. नावं घेतली, पण शनिवार सोडला नाही. घाणा चालवणारे आमचे पूर्वज त्या दिवशी तेल गाळायचे नाहीत, म्हणूनच गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं.

पणजीला चर्चसमोरच्या गार्सिया द ओर्ताच्या नावाच्या बागेत मी बसते तेव्हा नेहमी याच्या उलटं काय असतं ते आठवतं. हा पोर्तुगीज वैद्य ज्यू वंशाचा, नव्याने ख्रिस्ती केलेल्या घराण्यातला, 1534 मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता आणि मित्रही. 1563 मध्ये इथल्याच छापखान्यात त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला गेला. पण आपला धर्म त्याला उघडपणे पाळता आला नाही. 1568 मध्ये तो वारला, पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. मुसलमान सुलतानाच्या दरबारात मानाने बसणाऱ्या या माणसाला गोव्यात दिवासुद्धा लपवून लावावा लागला असेल. मी शुक्रवारी खिडकीत दिवा लावते तेव्हा त्याच्या बहिणीची आठवण येते.

आपांत आणि माझ्यात मतभेद नाहीत असं कुणी समजू नये. त्यांच्या मते त्यांचे पैगंबर शेवटचे, माझ्या मते मोशेचा तोरा, आमचा धर्मग्रंथ, पुरेसा. हे आम्ही एकमेकींना तोंडावर सांगितलेलं आहे. त्या तेव्हा सहज म्हणाल्या, "लकुम दीनुकुम वलिय दीन", तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला. आमच्या रंबामनेही, म्हणजे मैमोनिडीस या बाराव्या शतकातल्या ज्यू पंडिताने, असंच खणखणीत लिहून ठेवलंय की मुसलमानांच्या एकेश्वरनिष्ठेत खोट नाही. अल्मोहाद या मुसलमान राजवटीत स्पेनमधल्या कोर्दोबाचं घर सोडावं लागलेला, धर्मनियमांचे 14 खंड लिहिणारा तो माणूस. त्याने हे उपकार म्हणून लिहिलं नव्हतं, त्याला ते खरं वाटलं होतं. पहाटे माझ्या गॅलरीत मी शमा, आमची देव एकच असल्याची प्रार्थना, म्हणते तेव्हा शेवटचा शब्द येतो एहाद. पलीकडून आपांचं "कुल हुवल्लाहु अहद" ऐकू येतं. एहाद आणि अहद, दोन्हींचा अर्थ एक.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये इस्राएल-गाझाचं युद्ध पेटल्यानंतर आम्ही काही दिवस बाजारात वेगवेगळ्या गेलो. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं, पण टीव्ही दोन्ही घरांत चालू होते. मग एका शुक्रवारी आपा दारात आल्या. "बाई, मी दुआत कोणाचं नाव घेते ते तुम्हाला रुचायचं नाही." मी म्हटलं, "माझ्याही तोंडात जी नावं येतात ती तुम्हाला रुचणार नाहीत." दोघी थोडा वेळ उभ्या राहिलो. मग त्या म्हणाल्या, "चला, बांगडा संपेल."

यंदाची दारफळणी सांगते आणि थांबते. आमचा सर्वांत मोठा उपास हा, आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत, पाण्याचा थेंबही नाही. घसा कोरडा, डोकं ठणकत होतं, आकाशात परतीच्या पावसाचे ढग. आपा गॅलरीत लिंबाच्या सरबताचा ग्लास ताटलीने झाकून उभ्या होत्या. ईदचा चंद्र शोधणारी ती नजर वर लावून. माझा मुलगा म्हणाला, "आई, अंधार पडला, घे आता." आपांनी मान खाली न वळवता हात आडवा केला.

"थांबा बाई, अजून दोनच दिसतायत."