चांदोलीत, सासऱ्यांबरोबर

सांगलीकराला गवा बघायला जंगलात जायची गरज नाही, असं आम्ही २०२१ च्या डिसेंबरपासून गमतीनं म्हणतो. त्या महिन्याच्या अखेरीला एक गवा वाट चुकून थेट मार्केट यार्डात शिरला होता. एरवी हळद-बेदाण्याचे ट्रक उभे असतात तिथं हा टनभर वजनाचा पाहुणा, आणि बाहेर बघ्यांची जत्रा. पुष्कळ तासांनी वन विभागानं त्याला गाडीत चढवून परत रानात नेला. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्यानं तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की "त्याच्या घरी आपण कधी जायचं?" हा प्रश्न आमच्याकडे चार वर्षं चालू होता. यंदा मार्चमध्ये शेवटी निघालो.

सासुरवाडी कोकरूडच्या अलीकडे, वारणाकाठी. त्यामुळं आदल्या रात्री तिथं मुक्काम आणि पहाटे चांदोलीचं रान, असा बेत. मामा, म्हणजे माझे सासरे, येणार नव्हते. "गवं बघायला पैसं भरायचं? आमच्या उसात रोज फुकट येत्यात की," असं म्हणून त्यांनी जेवताना विषय संपवला. पहाटे पावणेपाचला बघतो तर धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल घालून जीपमध्ये पुढच्या सीटवर हेच बसलेले.

चरण, आरळा मागं पडलं की ऊस विरळ होतो आणि डोंगर अंगावर येतात. मणदूरच्या पुढं जाधववाडीला प्रवेशद्वार. पावती फाडली, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून घेतल्या आणि गाईड जीपमध्ये चढले. पन्नाशीचे असतील. त्यांनी बसल्या बसल्या मुलाला विचारलं, "काय बघायचं बाळा?" उत्तर अर्थातच वाघ. गाईडदादा हसले नाहीत, ही मला त्यांची पहिली आवडलेली गोष्ट. "हाय की वाघ. पण त्यो आपल्याला बघणार, आपण त्याला न्हाई."

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी आशा लावून शेवटपर्यंत वाचायला नको. आम्हाला वाघ दिसला नाही. चांदोली म्हणजे ताडोबा नव्हे. तिकडं उन्हाळ्यात साग-बांबूची पानं झडून रान उघडं पडतं. इथं पाऊस प्रचंड आणि झाडं बारमाही हिरवी, त्यामुळं दहा हातांवरचं जनावरही पानाआड जातं. वाघांची संख्याही तुटपुंजी. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण २०१८ नंतर इथल्या कॅमेऱ्यात वाघ आला तो थेट २०२३ च्या डिसेंबरात. अलीकडं ताडोबाहून वाघीण आणून सोडल्यावर जरा हालचाल सुरू झाली आहे. वाटेत एका ऐनाच्या बुंध्याला गुडघाभर उंचीवर असा कॅमेरा बांधलेला दिसला, आणि रस्त्यापलीकडे त्याच्या समोर दुसरा. दोन कशाला, तर वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. दोन्ही बाजूंचे फोटो मिळाले तर कोणता वाघ ते पक्कं ठरतं. मुलानं कॅमेऱ्याकडं बघून हात हलवला. मामांनी टोपी नीट केली.

पहिला तासभर काहीच घडलं नाही. म्हणजे मला तसं वाटलं. गाईडदादा मात्र सारखे काहीतरी वाचत होते. जांभळाच्या शेंड्याला काटक्यांचा भारा दिसला, तर ते शेकरूचं घरटं. एकाच शेकरूची अशी तीन-चार घरटी असतात. अंजनी जांभळ्या फुलांनी फांदी न फांदी मढलेली, त्यावरून तीन मिनिटं गप्पा. मग एका पाणवठ्याजवळ त्यांनी जीप थांबवली आणि चिखलाकडं काठी दाखवली.

ठसा ताजा होता. कडा अजून ओल्या, मधे पाणी पाझरून आलेलं. चार बोटं आणि मागं तळव्याची गादी. "बिबट्या. नखं उमटली न्हाईत बगा. मांजराच्या जातीचा चालताना नखं आत वडून घेतो." आणि वीतभर अंतरावर दुसरा ठसा, लांबट, पुढं चार टोचे स्पष्ट. "ह्यो कोळसून. रानकुत्रं. त्याची नखं भाईरच." दोघं एकाच पाण्यावर, कदाचित एकाच रात्री. मुलगा गाडीच्या काठावर पोटावर पालथा पडून ते ठसे वहीत काढत होता आणि वाघाचं नाव विसरला होता. मामा म्हणाले, "ही मांजर आमच्या उसात पिल्लं घालती." ते खरंच आहे. शिराळा-वाळव्याकडं ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याचे बछडे सापडल्याची बातमी दरवर्षी असते.

जनीचा आंबा नावाचं ठिकाण ओलांडून झोळंबीच्या बाजूला चढलो, तसं रान संपून एकदम उघडं पडलं. जांभ्या खडकाचा सडा, वाळलेलं सोनेरी गवत, आणि लांब खाली वारणेच्या धरणाचं पाणी. वसंतसागर म्हणतात त्याला. माती-दगडाचं धरण, साठा ३४ टीएमसीच्या वर. सांगलीत पुराच्या दिवसांत चांदोलीचा विसर्ग किती हे आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारतो, पण तो आकडा कुठल्या रानातून जमा होतो ते पहिल्यांदाच बघत होतो.

सड्याच्या उताराला पायऱ्या-पायऱ्यांची सपाट जमीन होती. निसर्गात एवढ्या सरळ ओळी नसतात, म्हणून मी विचारलं.

"भाताची खाचरं ती. हितं गाव हुतं."

धरण आणि नंतर उद्यान, दोन्हींत मिळून ह्या रानातली बरीच गावं उठली. चांदोली १९८५ ला अभयारण्य झालं आणि २००४ ला राष्ट्रीय उद्यान. गाईडदादांचं कुटुंब त्यातच उठलेलं, आता वसाहतीत राहतं. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही आणि कौतुकाच्याही नाही. फक्त बोट दाखवत गेले. ते फणसाचं झाड कुणाच्या परड्यातलं, ती दगडांची रास म्हणजे कुणाचं जोतं, त्या तिथं उन्हाळ्यातही पाणी असायचं. जोत्यावर आता कारवी माजली होती. मामा पहिल्यांदाच गप्प झाले. मग शेतकऱ्यानं शेतकऱ्याला विचारावं तसं विचारलं, "वाण कुठला लावायचा?"

"जाडा भात. नाचणी वर, सड्याच्या कडंला."

"आन् राखण?"

"रातभर. डबा वाजवत. गवा यायचाच."

हे बोलणं चालू असतानाच समोरच्या खाचरात झुडूप हललं. ते झुडूप नव्हतं. आधी पाठीचा उंचवटा दिसला, मग शिंगं, मग एकेक करत कळपच. अकरा मोजले, त्यात दोन तांबूस वासरं. जीप बंद केली. पन्नास पावलांवर ते चरत होते आणि मला सगळ्यात लक्षात राहिला तो आवाज, जिभेनं गवत उपटल्याचा, करकर करकर, आपल्या गोठ्यात रात्री येतो अगदी तसा. नर काळाकुळकुळीत, अंगाला तेल लावल्यासारखा, आणि गुडघ्याखाली चारही पाय पांढरे. पायमोजे घालून शेतात उतरल्यासारखे. त्यानं मान वर करून एकदा फुस्स केलं. मुलानं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

दाट झाडीत गव्याला पुरेसा चारा मिळत नाही, त्याला उघडं गवतही लागतं. सडे आणि ही सोडलेली शेतं, त्याच्यासाठी तीच गायरानं. गाईडदादा हळूच म्हणाले, "आमच्या आज्ज्याचं खाचर ह्ये. तवा आमी राखायचो, आता ह्यो राखतोय."

ह्या शांततेत मागून एक मिनीबस आली. आत मोबाईलवर गाणं, खिडकीतून "ए गवाऽऽ". कळपानं एकदम वळण घेतलं आणि एवढी जड जनावरं कारवीत अशी मुरली की पान हललं नाही. त्या मंडळींबद्दल इथं जे लिहावंसं वाटतंय ते लिहीत नाही. मामांनी मात्र खाली उतरायला मनाई असल्यामुळं बसल्या जागेवरूनच जे काय ते ऐकवलं, वारणाकाठच्या भाषेत. गाणं बंद झालं.

परतताना लपणगृहात अर्धा तास बसलो. पाण्यावर एक मुंगूस आलं, बाकी कुणी नाही. पण दरीतून सांबराचा आवाज आला, "पोंऽक", मग थांबून पुन्हा. गाईडदादांनी बोट ओठावर ठेवलं. सांबर असं ओरडतं ते काहीतरी बघितल्यावर. काय बघितलं ते त्याचं त्याला माहीत. आम्ही पंधरा मिनिटं श्वास रोखून दरीकडं बघत राहिलो, पानसुद्धा पडलं नाही. माझ्या मुलाच्या मते तो वाघच होता आणि मी त्याच्याशी वाद घातलेला नाही.

गेटवर आल्यावर फोनला रेंज आली. मामांनी पहिला फोन धाकट्या भावाला लावला, अख्ख्या जाधववाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आरं, सगळं गवं हिकडं वरच हायती. मी सोता मोजलं, अकरा. आज राखणीला जाऊ नगंस, झोप निवांत."